काखेतीचं वेड: प्रेम की सुट्टीची झिंग?

दिंडोरीकर:
जॉर्जिया देशाच्या काखेती या द्राक्षबागांच्या भागात तोडणीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, गेलेला नाशिककर परत आला की म्हणतो, "जीव तिथेच राहिला." लोक त्याला सुट्टीची झिंग म्हणतात. मला हे पटत नाही. निफाड-दिंडोरीच्या माणसाला वेल कळते, म्हणून त्याला तिथलं कामही कळतं. क्वेव्री म्हणजे वाइन करण्यासाठी जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा रांजण, आतून मधमाशीचं मेण लावलेला. त्यात रस, सालं, बिया सगळं एकत्र आंबतं. वर तरंगणारा सालींचा थर लाकडी दांड्याने दिवसातून अनेकदा खाली दाबायचा. दाबायचं राहिलं की थर सुकतो, हवा लागून आंबट होतो आणि रांजणभर दारूचा शिरका होतो. आंबणं ओसरलं की झाकण घट्ट लिंपून पाच-सहा महिने हात लावायचा नाही. युनेस्कोने २०१३ मध्ये ही पद्धत वारशाच्या यादीत घेतली. एवढं समजून-उमजून जडलेला जीव वरवरचा कसा?

गोदाकाठ:
तुम्ही वर्णन केलंत ते ऑक्टोबरचं काखेती. जानेवारीत वेलीवर पानही नसतं. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी काड्यांसाठी, ऑक्टोबरची गोड छाटणी फळांसाठी. वेलीला उसंत अशी नाहीच. तिथे थंडीच वेलीला झोपवते, छाटणी वर्षातून एकदा. म्हणजे आपलं निम्मं शहाणपण तिथे चालत नाही. गारपीट मात्र तिथेही बागा झोडपते, ती पाहुण्याला दिसत नाही. आणि या प्रेमाची पुढची पायरी ठरलेली असते: "दोन एकर घेऊन टाकू." २०१८ च्या घटनादुरुस्तीपासून परदेशी माणसाला तिथे शेतजमीन घेता येत नाही, अपवाद अगदी मोजके. तिथलं नागरिकत्व घेतलं तर भारताचं जातं, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. हे आधी वाचा, मग जीव लावा.

सिडकोवाली:
जमीन घेतली तरच प्रेम खरं, हे कुणी ठरवलं? माझ्या मते कसोटी भाषेची. जॉर्जियन लिपीत ३३ अक्षरं, मोठी-लहान असा भेद नाही, अक्षर तसा उच्चार; रोज तीन अक्षरं गिरवली तर अकरा दिवसांत पाट्या वाचता येतात. आपल्याला एक फायदा आहे: 'चांदणं'मधला च आणि 'जाळं'मधला ज त्यांच्याकडेही आहेत. अडतं ते क, त, पच्या घशात झटका देऊन केलेल्या उच्चारांवर. शाकाहारी असाल तर 'समार्ख्वो' हा शब्द पाठच करा. म्हणजे त्यांचं उपवासाचं जेवण. त्यात मांस, अंडी, दूध काही नसतं. घेवड्याचं लोबिओ, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी. "मांस नको" एवढंच सांगितलं तर चीज आणि अंडं हमखास ताटात येतं.

गोदाकाठ:
भाषेचं मान्य. पण पाट्या वाचणारा पाहुणा शेवटी पाहुणाच.

दिंडोरीकर:
जमिनीचं तुमचं म्हणणं बरोबर, ते मी मागे घेतो. प्रेमाचं घेत नाही. दुसरी खेप छाटणीच्या दिवसांत करावी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. आठ गावं पालथी घालण्यापेक्षा एकाच गावात राहावं. रांजण रिकामा झाला की चेरीच्या सालीच्या कुंच्याने आतून घासून धुतात. कोपऱ्यात गाळ राहिला तर पुढचा हंगाम नासतो. ते काम चालू असेल तिथे कुंचा हातात मागून घ्यावा.