०.६८ वरून ०.५० कॅलिबरच्या पेंटबॉलकडे वळताना काय काय बदलावे लागते?

न्यूजर्सीकर_बाबा:
नमस्कार. माझ्याकडे सहा वर्षांपासून ०.६८ कॅलिबरचा (म्हणजे ०.६८ इंच व्यासाचे, रंग भरलेले बॉल उडवणारा) टिपमन ९८ कस्टम मार्कर, म्हणजे पेंटबॉलची बंदूक, आहे. आता माझी दहा वर्षांची मुलगी खेळू लागली आहे, आणि ती जाते त्या मैदानावर लहान मुलांना ०.५० कॅलिबरचेच बॉल देतात. अरुंद बॅरल (नळी) बसवून माझाच मार्कर तिला देता येईल का? हॉपर (बॉल साठवण्याचे भांडे), हवेची टाकी आणि मास्क यांचे काय करावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

खेळगडी:
केवळ बॅरल बदलून भागणार नाही, कारण बॉल हॉपरमधून निघून बॅरलच्या तोंडाशी पोहोचेपर्यंतची संपूर्ण वाट १७.३ मिलिमीटर व्यासाच्या बॉलसाठी घडवलेली असते आणि नवा बॉल १२.७ मिलिमीटरचा आहे. फीडनेकमध्ये (हॉपरखालच्या नळीत) लहान बॉल एका रांगेत न उतरता नागमोडी अडकतात, किंवा दोन बॉल एकदम ब्रीचमध्ये (बॅरलमागील कप्प्यात) शिरून, बॉल पुढे सारणाऱ्या बोल्टखाली चिरडले जातात. बॉल पुढे घरंगळू नये म्हणून असलेला डिटेंटही त्याला धरू शकत नाही. जुनेच बॅरल ठेवले, तर नळीच्या छेदाचा जवळजवळ निम्मा भाग मोकळा राहतो आणि हवा बॉलला ढकलण्याऐवजी बाजूने निसटते. काही मार्करांसाठी बोल्ट, ब्रीच व बॅरल असा पूर्ण संच निघाला होता. तो आपल्या मार्करसाठी खात्रीने मिळत नसेल, तर ०.५० चा स्वतंत्र मार्कर घेणेच मला योग्य वाटते.

रंगारी_६८:
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र लहान बॉलने खेळही बदलतो, हे मुलीला आधी समजावून सांगावे. ०.६८ चा बॉल साधारण ३ ग्रॅमचा, तर ०.५० चा सुमारे १.२ ग्रॅमचा असतो. म्हणजे सेकंदाला ३०० फूट या सारख्याच वेगाने निघाल्यास पहिल्यात सुमारे १२.५ जूल आणि दुसऱ्यात सुमारे ५ जूल ऊर्जा असते. मार कमी लागतो तो यामुळेच. पण हलका बॉल हवेत लवकर मंदावतो, वाऱ्याने अधिक भरकटतो आणि लांबवर आदळल्यास अनेकदा न फुटताच उडतो. १९८१ साली न्यू हॅम्पशायरमधील हेनिकर येथे झालेल्या पेंटबॉलच्या पहिल्या खेळात झाडांवर व गुरांवर खूण करण्याचे ०.६८ चे पिस्तूल वापरले होते. मोठ्यांच्या मैदानांवर तेच माप आजही रूढ आहे. त्यामुळे आपला मार्कर विकू नये. तीन-चार वर्षांनी तो मुलीच्याच उपयोगी पडेल.

न्यूजर्सीकर_बाबा:
दोघांचेही मनापासून आभार. स्वतंत्र मार्करच घेतो. मग जुन्यातील काय वापरता येईल?

खेळगडी:
हवेची टाकी वापरता येईल, कारण हवेवर चालणाऱ्या ०.५० च्या बहुतेक मार्करांना टाकी जोडण्याचा आटा तोच असतो, आणि दर बॉलमागे हवा कमी लागत असल्याने एका भरणीत अधिक बॉल सुटतात. स्प्रिंगवर चालणारा मार्कर घेतल्यास टाकीची गरजच नाही. हॉपर शक्यतो ०.५० साठीचाच घ्यावा. मास्कच्या बाबतीत मात्र जराही तडजोड करू नये: एएसटीएम एफ१७७६ या पेंटबॉलच्या नेत्रसंरक्षण मानकाचा, मुलीच्या चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागेलच, कारण ५ जूलसुद्धा डोळ्याला कायमची इजा करण्यास पुरेसे आहेत. आपला मोठ्या मापाचा मास्क पट्टा आवळून तिला देऊ नका. नवा मार्कर हाती आल्यावर मैदानावरील क्रोनोग्राफवर वेग मोजूनच तिला आत सोडावे.