अनपेक्षित गर्भधारणा आणि वाढते कॅथलिक कुटुंब : काही मातांचे अनुभव

घरात दोन, तीन किंवा चार मुले आहेत, इतक्यात आणखी मूल नको असे पतिपत्नींनी विचारपूर्वक ठरवले आहे, आणि तरीही दिवस गेल्याचे कळते. अशा वेळी श्रद्धावंत कॅथलिक स्त्रीच्या मनात काय चालते, याविषयी फारसे बोलले जात नाही. चर्चमधील माणसे अभिनंदन करून मोकळी होतात, बाहेरची माणसे ‘आता तरी थांबा’ असे सुनावतात आणि या दोहोंमध्ये तिचे स्वतःचे म्हणणे राहून जाते. ते मांडता यावे म्हणून हे अनुभव मागवले आहेत. लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

चार मुलांची आई

तिसरे बाळ अंगावर पीत असतानाच मला पुन्हा दिवस गेले. बाळ सहा महिन्यांच्या आतील असेल, ते केवळ आईच्या दुधावर असेल आणि पाळी परतलेली नसेल, तर गर्भ राहण्याची शक्यता जेमतेम दोन टक्के असते, असे आम्हाला शिकवले होते. आमच्या बाळाने वरचे अन्न खायला सुरुवात केली होती, म्हणून आम्ही योनिस्रावाची रोजची नोंद ठेवून गर्भ राहू शकेल अशा दिवसांत संयम पाळत होतो. परंतु प्रसूतीनंतर पहिली पाळी येण्याआधीच बीजांड सुटू शकते आणि स्तनपानाच्या काळात शरीराची लक्षणे फार संदिग्ध असतात. कृत्रिम साधने न वापरता चर्चने सांगितलेला हा नैसर्गिक मार्ग प्रामाणिकपणे पाळूनही हे झाले, त्यामुळे मला चक्क देवाचा राग आला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण असा राग आलेली मी एकटीच असेन, असे मला त्या वेळी वाटत होते.

त्या दिवसांत जपमाळेतील आनंदाच्या पहिल्या दोन रहस्यांपाशी, म्हणजे मरियेला देवदूताचा निरोप आणि तिची एलिझाबेथशी भेट या प्रसंगांपाशी, मी बराच काळ थांबत असे. लूकच्या शुभवर्तमानात देवदूताचे शब्द ऐकून मरिया आधी अस्वस्थ होते, मग ‘हे कसे होईल?’ असे विचारते आणि त्यानंतर होकार देते. मला मात्र आजवर केवळ तो होकारच ऐकवला गेला होता. त्यानंतर ती तातडीने आपल्या गरोदर नातेवाईक एलिझाबेथकडे जाते आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहते. गरोदर बाईच्या घरी दुसऱ्या बाईने तीन महिने राहणे म्हणजे काय, हे तीन लहान मुले सांभाळत उलट्या काढणाऱ्या बाईलाच नीट कळते. आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) एक ज्येष्ठ बाई रोज सकाळी येऊन मोठ्या दोघांना शाळेत सोडू लागल्या. त्यांनी मला एकही वचन ऐकवले नाही, आणि माझा राग ओसरण्यात त्यांच्या त्या येण्याचा वाटा कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठा होता. चौथी मुलगी आता चालायला लागली आहे. तिच्यावर माझे मनापासून प्रेम आहे, पण त्यामुळे ते महिने अवघड नव्हते असे कोणी म्हटले, तर मी ते मान्य करणार नाही.

तीन सिझेरियन झालेली आई

माझी भीती शरीराची होती. प्रत्येक सिझेरियनबरोबर पुढच्या गरोदरपणातला धोका वाढतो. वार (प्लासेंटा) जुन्या व्रणाच्या जागी खोलवर रुतून बसली, तर प्रसूतीच्या वेळी जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी गर्भपाताचा पर्याय सुचवला. आम्ही तो स्वीकारला नाही. मात्र तिथून बाहेर पडल्यावर माझे पाय थरथरत होते, हेही तितकेच खरे आहे. पुढे आम्ही दुसऱ्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आमचा निर्णय गृहीत धरून वार नेमकी कुठे आहे याची वेळोवेळी तपासणी केली आणि प्रसूतीसाठी रक्ताची सोय आधीच करून ठेवली. श्रद्धेचा आदर करणारा आणि धोका न लपवणारा डॉक्टर मिळणे ही आमच्यासारख्या कुटुंबांची फार मोठी गरज आहे.

त्याआधी जानेवारी 2015 मध्ये मनिलाहून परतताना पोप फ्रान्सिस यांनी सात सिझेरियननंतर आठव्यांदा गरोदर राहिलेल्या एका स्त्रीचा उल्लेख बेजबाबदारपणाचे उदाहरण म्हणून केला होता आणि चांगले कॅथलिक होण्यासाठी सशांप्रमाणे असावे लागत नाही, असे म्हटले होते. गरोदरपणात ते शब्द आठवून मी रडले. त्याच आठवड्यातील सार्वजनिक भेटीत त्यांनी मोठ्या कुटुंबांकडे पाहून दिलासा मिळतो, असेही सांगितले होते. ते मला नंतर वाचायला मिळाले. माझे मन खऱ्या अर्थाने हलके केले ते आमच्या फादरांनी. पोप सहावे पॉल यांच्या 1968 च्या ‘ह्युमाने व्हिटे’ या परिपत्रकातील दहावा परिच्छेद त्यांनी समोर ठेवला. उदार मनाने अधिक मुले स्वीकारणारे पालक जबाबदार आहेतच, परंतु गंभीर कारणांसाठी, नैतिक नियम पाळून, ठरावीक किंवा अनिश्चित काळ आणखी मूल न होऊ देण्याचा निर्णय घेणारेही जबाबदार आहेत, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. प्रसूतीनंतर आम्ही दीर्घ संयमाचा मार्ग निवडला. तो सोपा नाही, आणि त्याचा भार पतीनेही तितकाच उचलल्याशिवाय तो निभत नाही.

पाळी जाण्याच्या वयात गरोदर राहिलेली आई

माझी थोरली मुलगी महाविद्यालयात आहे. या वयात पाळीचे चक्र अनियमित होते, त्यामुळे इतकी वर्षे विश्वासाने वापरलेल्या नोंदी उपयोगी पडेनाशा झाल्या. मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तिला मी समजावले नाही, वेळ दिला. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता (गॉडमदर) होण्याची इच्छा तिने स्वतः व्यक्त केली.

नैसर्गिक गर्भपात झालेली आई

पाचव्यांदा दिवस गेल्याचे कळले तेव्हा मला आनंद झाला नाही, आणि तो व्हायच्या आतच नैसर्गिक गर्भपात झाला. मी त्या बाळाचे मनापासून स्वागत केले नाही म्हणून ते गेले, असे मला कित्येक महिने वाटत राहिले. सुरुवातीच्या महिन्यांतील बहुतेक गर्भपात गुणसूत्रांतील दोषांमुळे होतात, आईच्या मनःस्थितीमुळे नव्हे, हे डॉक्टरांनी सांगूनही पटत नव्हते. पापनिवेदनात मी हे बोलले, तेव्हा फादर म्हणाले की घाबरणे हे पाप नाही आणि यासाठी क्षमा मागण्याची गरज नाही. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते, हे धर्मशिक्षणात वाचलेले वाक्य त्या दिवसापासून मला माझे वाटू लागले. ज्यांना अशी भीती वाटते आहे त्यांनी ती एकट्याने बाळगू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

तिसरा महिना चालू असलेली आई

माझे हे चौथे. धाकटा अजून वर्षाचाही झालेला नाही. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर असावे, बाळ दोन वर्षांचे झाल्यावरच पुढचा प्रयत्न करावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे आणि तो मला पाठ आहे. म्हणून कृपया तो पुन्हा सांगू नये. पतीला कळले आहे, सासूबाईंना अजून सांगितलेले नाही. वर ज्यांनी सिझेरियनचा अनुभव लिहिला आहे त्या ताईंना विचारायचे आहे, की प्रसूतीनंतर नोंदी पुन्हा विश्वासार्ह होईपर्यंतचा काळ त्यांनी आणि त्यांच्या पतीने कसा काढला, आणि याविषयी पतीशी पहिल्यांदा बोलताना त्यांनी सुरुवात कशी केली?