हल्क होगनचा बॅनर आमच्या बसस्टँडवर: बरोबर की वेडेपणा?

पऱ्हाटीवाला:
२४ जुलै २०२५ला हल्क होगन गेला, टीव्हीवरचा अमेरिकन पैलवान. फ्लोरिडात, ७१व्या वर्षी, हृदय बंद पडून. दुसऱ्या दिवशी आमच्या गावातल्या (जि. यवतमाळ) पाच-सहा जणांनी वर्गणी करून बसस्टँडच्या पानठेल्यावर बॅनर लावला. मीही शंभर रुपये दिले. तेव्हापासून शिव्या खातोय. सोयाबीन पिवळं पडलं अन् यांना अमेरिकेतला पैलवान सुचतो म्हणतात.

२००२ साली तो टीव्हीवर कुस्तीचे शो करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीत परत आला तेव्हा मी पाचवीत होतो. गुरुजींच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. लाइन गेली की ट्रॅक्टरची बॅटरी लावायची. त्याचा बनियन पिवळा असतो हे मला पैलवानांचे फोटो असलेल्या पत्त्यांच्या कॅटवरून कळलं. बाबांचा नवा बनियन गळ्याशी ब्लेडनं चिरून मी, तो रिंगमध्ये फाडायचा तस्साच, टर्रकन फाडला होता, अन् पराटीनं (कपाशीच्या काडीनं) फोडून निघालो. तो कानाला हात लावायचा तेव्हा आम्ही इकडून बोंबलायचो, त्याले ऐकू जाईल म्हणून. त्याच्यासाठी एक बॅनर जास्त झाला का?

लालमातीचा:
काहीही बाप्पा! ती कुस्ती नाही, नुरा आहे. कोण पडणार ते आधीच ठरलेलं. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. त्यांच्यासाठी कधी वर्गणी काढली? मंगळवारी नागपंचमी आहे. आखाड्याची माती खणून तेल-हळद-ताक मिसळायला तीन पोट्टे मिळत नाहीत.

वडसेकर:
मग दारासिंग कोण होते भाऊ? १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकन पैलवान लू थेझला हरवलं ती फ्री स्टाइलच होती. तुमच्या आज्यानंही त्यांच्या नावानं दंड थोपटले असतील. ठरलेलं असते हे आम्हाले सातवीतच समजलं होतं. झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक शेवटी मार खाणार हे काय ठरलेलं नसते? तरी थंडीत रातभर बसतोच ना तिकीट काढून. अन् १९८७ मध्ये होगननं दोनशे किलोच्या वरच्या आंद्रे द जायंट पैलवानाले उचललं, ते ठरलेलं असन. कंबर तर त्याचीच होती. पाठीची किती ऑपरेशनं झाली त्याच्या!

लालमातीचा:
१९९४ मध्ये कोर्टात स्टेरॉइड घेतल्याचं त्यानं स्वतः कबूल केलं, तेही सांगा. तालुक्याच्या जिममधले पोट्टे आज इंजेक्शनं टोचून घेतात, ते कोणाचे दंड पाहून?

वर्ध्याची लेक:
कुस्ती खरी की खोटी हे राहू द्या. मीही भावासोबत ते पत्ते खेळलेय. होगन आला की डाव आपलाच वाटायचा. पण २०१५ मध्ये त्याचं बोलणं बाहेर आलं. काळ्या माणसांबद्दल काय काय बोलला होता तो. कंपनीनं काढलं, अन् २०१८ मध्ये परत घेतलं. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला तो रिंगमध्ये आला तर लोकांनी हुर्यो उडवली. हे तिथल्या लोकांना कळतं. माझ्या आजीच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. तुमच्या बॅनरचा फोटो पाहिला, खाली ‘आमचे आदर्श’ लिहिलंय. कोणाचे आदर्श?

पऱ्हाटीवाला:
ताई, २०१५ ची बातमी मी तेव्हाच वाचली होती. वाचली अन् मोबाइल उलटा ठेवून दिला. ‘आदर्श’ हे फ्लेक्सवाल्याच्या तयार साच्यातलं आहे, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचं. खोडायला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

वर्ध्याची लेक:
साचा त्याचा, शंभर रुपये तुमचे.

वडसेकर:
आता मेलेल्या माणसावर किती बोलसान?

वर्ध्याची लेक:
मेलेल्यावर नाही, दादा. बॅनर लावणाऱ्यांवर बोलतेय. ते जिवंत आहेत.

ठेलेवाला:
ठेला माहाच आहे. मले कोणी विचारलं नाही, रात्री बांधून गेले. भांडण मिटलं समजा, काल रातच्या पावसात बॅनर गायब. सकाळी पाहिलं तर शेजाऱ्याच्या गोठ्यावर, गळत होता म्हणे त्याचा गोठा. शब्द दुमडून खाली गेले. वर नुसती मिशी अन् कानाशी हात दिसते. खाली बैल हंबरून राह्यले.