इंजेक्शन आलं म्हणून आम्ही पोट कापलेले मूर्ख ठरलो का?

अर्धविराम
काल ‘बोका’ यांनी मधुमेहाच्या धाग्यावर जाता जाता लिहिलं, ‘आठवड्याला एक सुई टोचली की वजन उतरतं. ज्यांनी घाई करून पोट कापून घेतलं त्यांची कीव येते.’ तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांची कीव येते त्यांच्यापैकी मी एक. सहा वर्षांपूर्वी स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन, केली तेव्हा वजन १३२ होतं. रात्री नाकाला मशीन लावल्याशिवाय झोप नाही. बुटाची लेस बांधायला वाकलं की श्वास कोंडायचा, म्हणून लेसचे बूटच सोडले होते. तेव्हा हाताशी असलेलं इंजेक्शन म्हणजे लिराग्लुटाइड. रोज टोचायचं, आणि चाचणीतला सरासरी उतार ८ टक्के. माझ्या हिशेबाने दहा किलो. आठ महिने तेही केलं, बोकाशेठ. पाच किलो उतरले आणि काटा जो रुतला तो रुतला.

आता घाईचं ऐका. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी हातात एक प्लॅस्टिकचं टोपण दिलं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर असतं तसलं. ३० मिली. ते पंधरा मिनिटांत संपवायचं, ओठ ओले करत करत. साधं पाणीसुद्धा. मी उभ्या उभ्या तांब्याभर पाणी रिचवणारा माणूस. तिसऱ्या टोपणाला सवयीने मोठा घोट घेतला आणि छातीत दगड अडकल्यासारखं झालं. महिनाभर ते टोपण हेच माझं ताट. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळाले, मग परत आले. बी-१२, लोह, कॅल्शियम जन्माला चिकटलेत. घाई असलेला माणूस या वाटेने जात नाही.

९२ वर आलो. मशीन माळ्यावर गेलं. कीव तुमच्याजवळच ठेवा.

बोका
कीव हा शब्द चुकला. मागे घेतो. बाकी एक अक्षरही मागे घेणार नाही.

तुम्ही सहा वर्षांपूर्वीचं सांगताय, मी आजचं. आठवड्याला टोचायच्या सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन १४.९ टक्के उतरलं, तशाच टिर्झेपटाइडच्या २०२२ च्या चाचणीत वरच्या डोसवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. मी स्वतः ११८ वरून ९७ वर आलोय, चौदा महिन्यांत. भूल नाही, टाके नाहीत, एक दिवसाची रजा नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे डोक्यातली भुणभुण थांबली. जेवून उठलो की पुढचं जेवण कधी हा विचार सुरू व्हायचा, तो गेला. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तुमच्या जठराचा पाऊण भाग काढला तो काढला. मला नको झालं तर मी उद्या थांबू शकतो. तुम्ही काय परत शिवून आणणार?

तिरकी रेघ
‘उद्या थांबू शकतो’ हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवा, मग थांबून बघा.

मी थांबले. हौसेने नाही, मूल हवं होतं आणि सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. १९ किलो गेले होते. बंद केल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती भुणभुण अशी परत आली, जणू मधल्या काळात दाराबाहेर उभीच होती. मुलगा आता दीड वर्षाचा आहे आणि १९ पैकी १४ किलो परत आलेत. सगळे बाळंतपणाचे नाहीत, निम्मे तर दिवस राहायच्या आधीच आले होते. माझं नशीब खोटं असंही नाही. त्याच चाचणीतल्या लोकांचं औषध थांबवल्यावर वर्षभराने पाहिलं, तर घटलेल्या वजनाच्या दोन तृतीयांश परत चढलं होतं.

बोका
मग? रक्तदाबाची गोळी बंद केली की रक्तदाब चढतो. त्यावरून गोळीला नावं ठेवलेली ऐकली नाहीत कधी.

तिरकी रेघ
गोळीला नावं ठेवत नाहीये. तुमच्या ‘उद्या थांबू शकतो’ला ठेवतेय. जन्मभर घ्यायचं औषध आहे असं म्हणा आणि मग ऑपरेशनशी तुलना करा. जन्मभराचा खर्च, जन्मभराची मळमळ धरून.

जुनाजाणता
दोन्ही बाजू हास्यास्पद. तोंडाला कुलूप घाला आणि पाय चालवा, एवढं साधं आहे. आमच्या पिढीत ना सुई होती ना सुरी. इच्छाशक्ती नावाची चीज होती.

अर्धविराम
आलात? तुमचीच वाट बघत होतो. कुलूप मी चार वेळा घातलंय, काका. दरवेळी १५-२० किलो उतरवलेत आणि दरवेळी व्याजासकट परत आलेत. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि जाळणं कमी करतं, त्याला तुमची इच्छाशक्ती दिसत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात तिथेच घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन सगळ्यात जास्त बनतं. म्हणून ती चालते, नुसती पिशवी लहान झाली म्हणून नव्हे.

जुनाजाणता
शरीराच्या नावावर सगळं खपतं हल्ली.

तिरकी रेघ
अवांतर आहे पण राहवत नाही. आमच्या ऑफिसात एक बाई आहेत. आठ महिन्यांत निम्म्या झाल्या. कुणी विचारलं की एकच उत्तर, ‘काही नाही गं, रोज चालते.’ त्यांचं ऐकून दुसरी एक बिचारी रोज दोन तास चालतेय, गुडघे धरून बसते आणि स्वतःलाच आळशी म्हणते. पहिलीच्या पर्समध्ये इंजेक्शनचं पेन मी डोळ्यांनी पाहिलंय. हे असं खोटं बोलणाऱ्यांचा मला जाम राग येतो.

पाऊलखुणा
तुम्ही लोकांच्या पर्समध्ये बघता हे आधी सांगितलंत ते बरं झालं.

मीही ‘रोज चालते’वालीच. पोटाचा बायपास झालाय (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात तो), तीन वर्षं झाली. नवरा आणि बहीण सोडून कुणाला माहीत नाही. का सांगू? जाडी होते तेव्हा प्रत्येक घासावर लोकांची नजर. बारीक झाले तर ‘कशी झालीस’ याचा हिशेबही त्यांनाच द्यायचा? सासरच्या एकीला विश्वासाने सांगितलं होतं, तर महिन्याभरात एका लग्नात अनोळखी बाईने माझ्या ताटात डोकावून विचारलं, ‘एवढंच जातं का आता?’ त्या दिवशी ठरवलं, चालते म्हणायचं. खोटंही नाही. चालते मी.

तिरकी रेघ
पर्स उघडी होती, टेबलावर. आणि गप्प राहणं वेगळं, खोटा रस्ता दाखवणं वेगळं. ‘सांगायचं नाही’ म्हणा ना सरळ.

पाऊलखुणा
म्हणून बघा एकदा. ‘सांगायचं नाही’ म्हटलं की लोक आजारपणापासून घटस्फोटापर्यंत सगळं ठरवून मोकळे होतात. तुमच्या त्या चालणाऱ्या मैत्रिणीचा एवढा कळवळा आहे तर तिला तुम्ही सांगा ना, की वजनावर उपचार असतात. त्यासाठी दुसरीची पर्स कशाला लागते?

बोका
इथे मी पाऊलखुणांच्या बाजूने. मी ऑफिसात सांगितलं, तेव्हापासून माझं नाव ‘सुई’ पडलंय. दोन किलो वाढले तरी ‘सुई बोथट झाली का’ विचारतात.

भुलाबाई
मी भूल देते. शेजाऱ्यांना, सासूला, पर्समध्ये बघणाऱ्यांना काहीही सांगू नका. पण मला सांगा.

एक प्रसंग, तपशील बदलून. छोटंसं ठरवलेलं ऑपरेशन, रुग्ण रात्रीपासून उपाशी, कागदोपत्री सगळं नीट. औषधं विचारली तर ‘काही नाही’. मला त्यांचा सैल झालेला पट्टा दिसला. त्याला घरीच एक नवं भोक पाडलेलं होतं, वाकडंतिकडं. पुन्हा विचारलं, या वेळी बायकोला बाहेर पाठवून. मग आवाज खाली आला, ‘शुक्रवारी टोचतो.’ सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवला. दहा तासांच्या उपासानंतर जठरात अन्न. तशीच भूल दिली असती आणि ते वर येऊन फुप्फुसात गेलं असतं, तर हा विषय इतक्या गमतीने लिहिता आला नसता.

ही औषधं जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आठवड्याचं इंजेक्शन असेल तर आठवडाभर आधी थांबवा म्हटलं. २०२४ मध्ये ते सैल झालं: सरसकट थांबवू नका, माणूस बघून ठरवा, ज्यांना धोका जास्त त्यांना आदल्या दिवशी फक्त द्रव द्या. पण हे ठरवायला मला आधी माहीत तर हवं!

बायपासवाल्यांनी हसू नये. पाऊलखुणाताई, पाठदुखीसाठी कुणी आयबुप्रोफेन लिहून दिलं आणि तुम्ही ‘चालते’ एवढंच सांगितलंत, तर जोडावर अल्सर होऊ शकतो. दारूही तुमच्या रक्तात इतरांपेक्षा लवकर चढते.

पाऊलखुणा
डॉक्टरांना सांगते हो. (दातांच्या डॉक्टरांना नव्हतं सांगितलं. पुढच्या वेळी सांगेन.)

तिरकी रेघ
बघा. लपवायची सवय लागली की कुठे थांबायचं कळत नाही, हेच म्हणत होते.

पाऊलखुणा
तुम्ही जिंकलात. पर्स पाठवू का?

पायरी नं. ३
भांडण छान चाललंय, पण मूळ प्रश्न वाऱ्यावर सोडलात. बोका, टक्के एका बाजूला ठेवा, वर्षं मोजा. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्या दोन हजारांवर लोकांचा, आणि तितक्याच न झालेल्यांचा, माग ठेवलाय. वीस वर्षांनीही ऑपरेशनवाल्यांचं वजन मूळच्यापेक्षा सरासरी १८ टक्के खाली होतं. २०२० मध्ये आयुर्मानाचा हिशेब आला, तो साधारण तीन वर्षं जास्त. तुमच्या औषधाचा वीस वर्षांचा हिशेब आणा, मग बोलू.

बोका
तो अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नाही, ऑपरेशन घ्यायचं की नाही ते लोकांनी स्वतः ठरवलं होतं. आणि त्यातली बहुतेक ऑपरेशनं जुन्या पद्धतीची, आता ती फारसं कुणी करत नाही. उलट सेमाग्लुटाइडची २०२३ ची हृदयविकाराची चाचणी बघा. १७,६०४ माणसं, चिठ्ठ्या टाकून वाटलेली, हार्ट ॲटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी.

पण हो, वीस वर्षांचा आकडा माझ्याकडे नाही. खूश?

पायरी नं. ३
अर्धा. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ५० च्या पुढे असेल, साखर हाताबाहेर गेली असेल, तर २० टक्के उतरूनही माणूस अडचणीतच राहतो. तिथे सुरीच.

बोका
५० च्या पुढे मान्य. ३२ वाल्याला टेबलावर घेऊ नका एवढंच म्हणणं होतं माझं, ‘कीव’ने सगळा घोळ केला.

जुनाजाणता
थोडक्यात, कुलूप कुणालाच नको.

अर्धविराम
काका, झोपा आता.

वर एक गोष्ट लिहायची टाळली होती. आता एवढी उणीदुणी निघालीच आहेत तर सांगतो. ९२ वर आलो होतो, आज ९९ आहे. दोन वर्षांत सात किलो परत चढले. पिशवी थोडी सैलावली असेल, भूक तर नक्कीच परत आलीय. मागच्या आठवड्यात सर्जनकडे गेलो, त्यांनी फाइल मिटवून शांतपणे सेमाग्लुटाइड लिहून दिलं. म्हणाले, आता हे नेहमीचंच आहे, आधी ऑपरेशन आणि वर सुई. पेन फ्रिजमध्ये येऊन पडलंय. तीन दिवस झाले, दार उघडून बघतो आणि बंद करतो.

बोका, पोटात टोचू की मांडीत?

बोका
पोटात. बेंबीपासून तीन-चार बोटं लांब, दर आठवड्याला जागा बदलायची. पेन अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, गार असलं की चुरचुरतं. आणि ०.२५ मिलिग्रॅम हा नुसता सवयीचा डोस असतो, चार आठवड्यांचा. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून नवा धागा काढू नका.