लहान मुलांना घेऊन स्टेट पार्कात मुक्काम: तुमचे अनुभव लिहा

एप्रिल लागला की इकडे अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: "पोरं लहान आहेत, तंबूत न्यावं का?" उत्तरंही ठरलेली. एक जण म्हणतो "बिनधास्त जा", दुसरा म्हणतो "पाच वर्षांची होईपर्यंत नाव काढू नका". दोन्हीचा काडीचा उपयोग होत नाही. म्हणून हा धागा.

सहा वर्षांखालची मुलं घेऊन अमेरिकेतल्या कुठल्याही स्टेट पार्कात (राज्य सरकारच्या निसर्ग-उद्यानात) राहिला असाल तर लिहा. पार्क कुठलं, मुलांची वयं काय, मुलं दिवसभर नेमकं काय करत होती आणि रात्र कशी गेली. रात्रीचं खरं खरं लिहा, फोटो सगळ्यांचेच छान येतात.

नॅशनल पार्क मुद्दाम वगळलीत. तिथे जायचं म्हणजे विमान, रजा, आणि इतका खर्च केलाय म्हणून पोरांवर मजा करायची सक्ती. स्टेट पार्क बहुतेकदा दोन तासांवर असतं, अंघोळीची सोय असते, आणि पोरगं रात्री एक वाजता तापाने फणफणलं तर गाडी काढून घर गाठता येतं. हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण. पटत नसेल तर भांडा.

मिनिआपोलिसहून (मुलगा ५, मुलगी ३)

दोन तासांची अट आम्ही मोडणार. इटास्का साडेतीन-पावणेचार तासांवर आहे, पण सोडू नये. मिनेसोटातलं हे सगळ्यात जुनं स्टेट पार्क, १८९१ सालचं. मिसिसिपी इथल्या तळ्यातून बाहेर पडते ती गुडघाभर पाण्याची. दगडांवरून पाय टाकत तीन वर्षांची मुलगी आईचा हात धरून "मिसिसिपी ओलांडते". (ते दगड मूळचे नाहीत. १९३० च्या दशकात दलदल आटवून, नवा पाट खणून तो बांध घातला. पोरांना सांगायची गरज नाही.) शेजारी लाकडी खांबावर लिहिलंय की इथून समुद्र २,५५२ मैल. मुलाने काटकी सोडली आणि "ती कधी पोचेल?" विचारलं. पाण्याच्या थेंबाला साधारण ९० दिवस लागतात असं सांगतात, ते मी ठोकून दिलं. पुढचे तीन महिने आम्हाला रोज विचारणा होती.

दगड शेवाळलेले असतात, मागे पट्टा असलेल्या चपला न्या. बूट नकोत, स्लिपर तर नकोच.

गोचीड. हा इथला खरा विषय. पॅन्टचे पाय मोज्यात खोचायचे, मोजे पांढरे, म्हणजे चढताना दिसतात. रात्री झोपायच्या आधी तंबूत टॉर्च लावून दोघांची तपासणी: कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, गुडघ्यामागे. आमच्याकडे याला "माकड-माकड" म्हणतात आणि मुलं हट्टाने आमचीही तपासणी करतात.

घरून सरपण नेऊ नका. ॲश झाडं पोखरणारा किडा लाकडातून पसरतो, म्हणून पार्कातच विकत घ्यायचं. बुकिंग १२० दिवस आधी उघडतं.

सॅन होजेहून (मुलगी साडेचार, मुलगा २, शिवाय आजी)

आम्ही सांता क्रूझच्या डोंगरातल्या हेन्री कॉवेलला जातो. रेडवुड ग्रोव्हची (उंचच उंच रेडवुड झाडांच्या राईची) वाट जेमतेम ०.८ मैल, सपाट, स्ट्रोलर आरामात जातो. मध्ये एक पोकळ झाड आहे, फ्रीमाँट ट्री, त्यात अख्खं कुटुंब मावतं. मुलांना उंच झाडात रस नसतो, मान वर करून कंटाळतात. पोकळ झाडात मात्र आमची दोघं दुकान मांडून बसली. बाकी वेळ बनाना स्लगपाशी. शंख नसलेली पिवळीधमक गोगलगाय ती, तिच्यापुढे बाबा कोण आणि खाऊ काय! एक लक्षात ठेवा, कॅम्पग्राउंडचं फाटक ग्रॅहम हिल रोडवर आहे आणि ग्रोव्ह हायवे ९ वर. मध्ये गाडी काढावी लागते.

आमच्या सासूबाई पुण्याहून आलेल्या, श्रावणी सोमवार. वाटेच्या कडेला तीन-तीन पानांचं हिरवंगार झुडूप दिसलं आणि त्यांचा हात आपोआप पुढे गेला. "अगं, बेलासारखं दिसतंय!" मुलगी किंचाळली, "आजी, नको, पॉयझन ओक!" आदल्याच दिवशी रेंजरने शिकवलं होतं. त्या पानांचं तेल कातडीला लागलं की खाज सुटते, पुरळ उठतो, आणि कपड्यांवर राहिलेलं तेलही त्रास देतं. सासूबाईंनी शंकराला मनातल्या मनात नमस्कार केला.

जेवणाबद्दल. या डोंगरांत एक कणही सांडू न देण्याचा नियम फार कडक आहे, आणि कारण भारी आहे. मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी किनारा सोडून आत येतो आणि जुन्या रेडवुडच्या उंच फांदीवर एकच अंडं घालतो. आपण सांडलेल्या खाण्यावर डोमकावळे आणि 'जे' नावाचे निळे पक्षी जमतात, मग ते ती अंडी शोधून खातात. हे कळल्यावर मुलगी कणपोलीस झाली. थोडक्यात: चिवडा, शेव, फरसाण घरी ठेवा. थालीपीठ, मेथीचे पराठे, दशम्या. मेतकूट-भात उत्तम, पण दोन वर्षांच्या हातात वाटी देऊ नका.

बुकिंग सहा महिने आधी, सकाळी ८ ला. ८ वाजून ५ मिनिटांनी उन्हाळ्यातले शनिवार गेलेले असतात.

फ्रीमाँटहून

याच भागात बिग बेसिन आहे, कॅलिफोर्नियातलं सगळ्यात जुनं, १९०२ चं. ऑगस्ट २०२० च्या वणव्यात जवळजवळ सगळं जळलं, जुलै २०२२ मध्ये फक्त दिवसा फिरण्यासाठी पुन्हा उघडलं. काळेठिक्कर बुंधे आणि त्यांच्या अंगातूनच फुटलेला हिरवा पाला. माझी मुलगी म्हणाली, "झाडाला केस आले."

ह्यूस्टनहून (जुळे, ४)

तंबू? उन्हाळ्यात? टेक्सासमध्ये? भांडायला बोलावलंत म्हणून आलो. आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी जातो, ब्राझोस बेंडला, आणि जाळीच्या शेल्टरमध्ये राहतो. वर छप्पर, खाली पक्की जमीन. हा मुक्काम नाही असं कोणी म्हणालं तर त्यांनी जुळी वाढवून दाखवावीत.

तळ्याकाठी मगरीच्या जातीतले ॲलिगेटर उन्हाला पडलेले असतात. कुंपण नाही. नियम ३० फूट लांब राहायचा, पण चार वर्षांच्या मुलाला ३० फूट म्हणजे काय कळणार? घरासमोर दोन गाड्या एकामागे एक उभ्या करून दाखवल्या: एवढं. '४० एकर लेक' नावाच्या तळ्याची फेरी १.२ मैल आहे, सपाट. तिथे हात सोडायचा नाही आणि काठावर खाऊ काढायचा नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना टेक्सासच्या स्टेट पार्कांत प्रवेश फुकट आहे.

डेट्रॉइटहून

दीड वर्षाचं बाळ आहे, सप्टेंबरअखेर जायचंय. थंडीचं काय करता?

मिनिआपोलिसहून (परत)

सगळे वरच्या पांघरुणावर पैसे घालतात, थंडी येते खालून. जाड स्लीपिंग पॅड घ्या, त्यावर आजीची गोधडी. हवेची साधी गादी मात्र नको, आतली हवाच गार होते. दीड वर्षाच्या बाळाला मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत घेऊ नका, तोंडावर येते. लोकरी आतले कपडे, वर अंगभर झिपचा सूट. रात्रीचा डायपर एक साइज मोठा. ओलं झालं की मग कुठलीच गोधडी पुरत नाही.

रॉचेस्टरहून (मुलगा ४, मुलगी ८ महिने)

न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन पार्कबद्दल सगळे गोडच बोलतात म्हणून मुद्दाम लिहिते. दीड मैलाच्या घळीत १९ धबधबे आहेत, देखणे आहेत, पण ८३२ पायऱ्याही आहेत आणि त्या ओल्या असतात. स्ट्रोलर गाडीतच ठेवा. तान्ही मुलगी पाठीवर मजेत होती. चार वर्षांच्या मुलाचा मात्र हात सोडता येत नाही आणि मागून गर्दी ढकलत असते. वरच्या दाराने सुरुवात करून उतरत आलात तर निम्मा त्रास वाचतो. धबधबाच दाखवायचा असेल तर लेचवर्थ बरं: मधला धबधबा १०७ फूट, आणि गाडीतून उतरून थोडंच चालावं लागतं.

आणि शेकोटीवर भाजायच्या मार्शमेलोत जिलेटिन (प्राण्यांपासून काढलेलं) असतं. शाकाहारी घरांनी व्हीगन पाकीट घरूनच न्या, पार्काच्या दुकानात मिळेलच असं नाही.

पिट्सबर्गहून (मुलगी ५)

चेरी स्प्रिंग्ज. अंधारासाठी नावाजलेलं पार्क, तारे बघायच्या मैदानात पांढरा दिवा चालत नाही, फक्त लाल. टॉर्चला लाल कागद लावला, फोन बंद केले, गाडीतले दिवे बंद केले. लेक खाली उतरली आणि पावलागणिक तिचे बूट लखलखायला लागले. दुर्बिणीवाले काका एकदम "शूज!" म्हणून ओरडले. आकाशगंगा पाहिली ती तिला खांद्यावर घेऊन, बूट काढून. दिव्याचे बूट असतील तर ते घरी ठेवा, नाहीतर काळी इलेक्ट्रिकल टेप सोबत न्या. आणि तिकडे ऑगस्टमध्येही रात्री स्वेटर लागतो.