कोकणात किनाऱ्यालगत जमीन घेताना पाण्याचा धोका कसा ओळखावा?

गोदाकाठ, नांदेड
माझ्या थोरल्या भावाने निवृत्तीनंतर श्रीवर्धन तालुक्यात राहण्याचे मनावर घेतले असून किनाऱ्याजवळची आठ गुंठे जागा त्याला पसंतही पडली आहे. गोदावरीवरील विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की पाणी कुठवर चढेल, याचा अंदाज आम्हाला निळ्या आणि लाल पूररेषेवरून येतो. समुद्राच्या बाबतीत असे काही पाहता येते का? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ त्याच पट्ट्यात धडकले होते, म्हणून घरचे सगळे धास्तावले आहेत.

स्थापत्य अभियंता, मूळचा लातूरचा
तिकडे भरतीरेषा, म्हणजे मोठ्या भरतीचे पाणी जमिनीवर जिथवर चढते ती रेषा, पाहावी लागते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात या रेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामावर कडक निर्बंध आहेत, तेव्हा मंजूर नकाशावर गट क्रमांक ताडून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. मात्र ही रेषा कायद्याची आहे. वादळात पाणी तिथेच थांबेल, असे नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटीमीटरने वाढते आणि त्याहून कितीतरी अधिक पाणी वारा किनाऱ्याकडे लोटतो. हा फुगवटा ओहोटीच्या वेळी आला तर बरेचसे निभावते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावर तो चढला, तर पाणी थेट वाडीत शिरते. (तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब आपल्या भावांनी शिकून घ्यावा, आठाची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला सहाच्या सुमारास भरती असते.) माझ्या मते समोरच्या समुद्रापेक्षा मागची खाडी अधिक बारकाईने पाहावी, कारण उधाण आणि डोंगरावरचा मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की ओढ्याचे पाणी बाहेर पडू शकत नाही आणि किनाऱ्यापासून दूर असलेली घरेही पाण्यात जातात. पावसाळ्यातील उधाणाला अंगणात पाणी येते का आणि विहीर मचूळ झाली आहे का, हे विकणाऱ्याला नव्हे, शेजाऱ्यांना विचारावे.

शिक्षक, अंबाजोगाई
वरील उत्तरात वाऱ्याचा विचार राहिला आहे. निसर्गच्या वेळी ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने कौले आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीची नवी बाग उत्पन्नाला यायला काही वर्षे जातात. म्हणून बागेच्या उत्पन्नावर संसाराचे गणित बसवू नये आणि उंच माडाखाली घर बांधू नये. विमा घेताना त्यात वादळ आणि पूर दोन्ही धरले आहेत ना, हे वाचून घ्यावे. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत ते असतात. बाकी वादळापासून आपण मराठवाड्यातले लोक दूर आहोत, असेही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर आलेल्या गुलाब वादळाच्या अवशेषाने मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडायला लावले आणि तोच अवशेष पुढे अरबी समुद्रात जाऊन ‘शाहीन’ नावाचे नवे वादळ झाला.

गोदाकाठ, नांदेड
दोघांचेही आभार. जागेच्या मागे खाडीचा फाटा आहे, हे आत्ताच भावाकडून कळले. इसार थांबवला असून येत्या पौर्णिमेला भरतीच्या वेळी जागा पाहायला जाणार आहोत.