टेमोझोलोमाइड चालू असताना मिस्टरांना खायला काय देऊ?

मिस्टरांना ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कॅन्सर आहे, ग्रेड 4. ऑपरेशन आणि सहा आठवड्यांचं रेडिएशन झालं. आता टेमोझोलोमाइड या केमोच्या कॅप्सूल चालू आहेत, 28 दिवसांतले पहिले 5 दिवस. यातून बरे होणार नाहीत हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे कृपया काढे आणि चमत्कार सुचवू नका.

रात्री उपाशीपोटी आधी उलटीची गोळी, मग कॅप्सूल देते. उलटी होत नाही, पण चार-चार दिवस पोट साफ होत नाही आणि अन्नावरची वासनाच उडालीय. काल मऊ भात-मेतकूट कालवून दिलं. दोन घास खाल्ले आणि ताटली हळूच माझ्याकडे सरकवली. ‘तू जेव,’ म्हणाले. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे साखर वाढलीय, म्हणून शिरा-खीरही देता येत नाही. तुम्ही काय देत होतात?

दुसरं म्हणजे, रात्रभर जागे असतात, चिडतात. कधी आवाज न चढवणाऱ्या माणसाने परवा मुलीवर हात उगारला. ती नववीत आहे. हे आजारामुळे आणि औषधामुळे होतंय हे मला कळतं, पण तिला कसं सांगू? आणि किती सांगू?

घरी येणारी पॅलिएटिव्ह केअरची (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी) टीम कोणी घेतली असेल, तर कधी सुरू केलीत? मला उशीर करायचा नाहीये.